काया, मांगे बस

यमुना मालचे नव्या माणसाला भेटली की नाव, गाव, आडनाव या रस्त्याने जात नसे. ती थेट विचारायची, "शाळेत तुम्ही कितव्या बाकावर बसायचे?"

हा प्रश्न तिने रिक्षावाल्याला विचारलेला मी ऐकला आहे, बँकेच्या मॅनेजरला विचारलेला ऐकला आहे, आणि धुळ्याच्या आमच्या कॉलेजच्या वार्षिक समारंभात शाल-श्रीफळाच्या ओझ्याने वाकलेल्या प्रमुख पाहुण्यांना विचारलेलाही ऐकला आहे. पाहुणे शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले होते, आणि निवृत्तीनंतर काही माणसांना कंठ फुटतो, तसा त्यांना फुटला होता. "पहिल्या!" ते म्हणाले. "कायम पहिल्या!" मग पहिल्या बाकाने आपल्याला काय काय दिलं, यावर ते चहावर साय धरेपर्यंत बोलले. यमुनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि शेवटच्या बाकावर कोण बसायचं, सर?"

पाहुण्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "शेवटच्या? छे, मागे वळून कोण बघतं!"

यमुना माझ्या बाजूला सरकून हळूच म्हणाली, "डेटा."

डेटा हा तिचा दुसरा आवडता शब्द. आमच्याकडे ती समाजशास्त्र शिकवायला आली ती तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे, आणि तेही पुढच्या वर्षी. जोडीला जळगावच्या एका संशोधन केंद्रात तिची पीएच.डी. चालू होती. पहिल्या दिवशी ती स्टाफरूममध्ये शिरली तेव्हा आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक वर्तमानपत्र वाचत होते. समोर उंच, सावळ्यापेक्षा बरीच काळी, पोपटी साडी नेसलेली बाई उभी राहिलेली त्यांना कडेने दिसली. त्यांनी न बघता रिकामा कप पुढे केला. यमुनाने तो घेतला. विसळून आणला, त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "नमस्कार सर. मी समाजशास्त्राची नवी लेक्चरर. तुम्ही शाळेत कितव्या बाकावर बसायचे?"

मी तेव्हा कोपऱ्यात पेपर तपासत होतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला हसू दाबायची सवय असते, नाहीतर पेपर तपासून होत नाहीत. पण ते हसू माझ्याकडून दाबलं गेलं नाही. ती माझ्याकडे वळली. "आणि सर, तुम्ही?"

"दुसऱ्या," मी म्हणालो.

"वाटलंच. पहिल्या बाकावरचे अमेरिकेला जातात. दुसऱ्या बाकावरचे प्राध्यापक होतात."

"आणि शेवटच्या?"

"त्यांच्यावर पीएच.डी. होते," यमुना म्हणाली, आणि बसायला खुर्ची शोधू लागली. ती नव्हती. तासिका तत्त्वावरच्यांसाठी खुर्चीची तरतूद नसते. तिने खिडकीतले जुने गठ्ठे बाजूला सारले आणि तिथेच बसली. पुढची पाच-सहा वर्षं ती खिडकी तिची झाली. प्राचार्य बदलले, पंखे बदलले, तिची खिडकी तीच राहिली.

तिचा विषय होता शाळेतला रंगभेद. खानदेशातल्या शाळांमध्ये भिल्ल पोरांना त्यांच्या रंगावरून आणि बोलीवरून काय काय ऐकून घ्यावं लागतं, याचा तिला अभ्यास करायचा होता. ती स्वतः भिल्ल. पारोळ्याच्या बाजूचं एक खेडं, गावाबाहेरची वस्ती, आणि तिथून पायी शाळा. नाव यमुना, काळ्या पाण्याच्या नदीचं. "ठेवणाऱ्याने नीट बघून ठेवलंय," असं ती स्वतःच सांगून टाकायची, म्हणजे दुसऱ्याला सांगायची संधी राहायची नाही.

बोलीचं काय होतं, ते इथेच सांगायला हवं. आमच्या अहिराणीत ळ नाही. जिथे ळ यायचा तिथे य येतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, आणि काळा म्हणजे काया. घरी सगळे असंच बोलतात. शाळेत गेलं की मास्तर ळ ची मागणी करतात. यमुनाच्या मास्तरांनी तिला "काळे बाळ तळ्याजवळ" हे रोज फळ्यापुढे उभं करून म्हणायला लावलं होतं. ती म्हणायची "काये बाय तयाजवय", आणि वर्ग हसायचा. चौथी सुटेपर्यंत तिने ळ मिळवला. पण असा मिळवला की तसा ळ नंतर मी कुठे ऐकला नाही. ती "जळगाव" म्हणायची तेव्हा जळगाव पाच किलोने जड व्हायचं.

"मॅडम, ळ जरा कमी दाबा," मी एकदा म्हणालो.

"का म्हणून? हा मी फुकट नाही मिळवलेला. वापरणार."

आनंदात असली किंवा भांडणात असली की मात्र तिचा ळ गळून पडायचा आणि य परत यायचा. एरवी माणसाचं मन ओळखणं कठीण. यमुनाचं मन एका अक्षरावरून कळायचं.

संशोधन समितीपुढे तिचा विषय गेला तेव्हा शीर्षकात 'रंगभेद' हा शब्द होता. समितीतल्या सर्वांत वयस्क सदस्यांनी चष्मा खाली घेतला. "रंगभेद हा आफ्रिकेचा विषय आहे, बाई. आपल्याकडे फार तर जातिभेद असतो, आणि तोही आता राहिलेला नाही."

"सर, मग स्थळ बघताना गोरी मुलगी का मागतात?"

"तो आवडीनिवडीचा प्रश्न."

त्यांनी शब्द बदलून दिला. 'रंगभेद' गेला आणि 'समायोजनाच्या समस्या' आल्या. समायोजन हा फार सभ्य शब्द आहे. ज्याला मागे बसवलं त्याने मागे नीट बसावं, असा त्याचा साधारण अर्थ होतो. प्रकरणांच्या नावांतूनही 'काळा', 'रंग', 'अपमान' असे शब्द काढायला सांगितले गेले. भाषा संयत असावी, असं कारण होतं. यमुनाचे मार्गदर्शक चौधरी सर हे फार सज्जन गृहस्थ. ते समितीशी भांडले नाहीत. ते आयुष्यात कुणाशीच भांडले नव्हते, आणि त्यांची तब्येतही त्यामुळे उत्तम होती.

दोन दिवस यमुना प्रकरणांची यादी खोडत बसली. तिसऱ्या दिवशी खिडकीत बसून शेंगा फोडताना एकदम म्हणाली, "सर, गावलं!"

"काय?"

"प्रकरणांची नावं अहिराणीत ठेवते. लोकांनी मला मुलाखतीत सांगितलेली वाक्यं, जशीच्या तशी. मराठीत 'काळा' लिहिलं की समितीला आरोप वाटतो. अहिराणीत 'काया' लिहिलं की लोकसंस्कृती वाटेल."

तसंच झालं. समितीला नावं फार आवडली. "मातीचा गंध आहे," असं चष्मेवाले सदस्य म्हणाले म्हणे. कठीण शब्दांचे अर्थ तिने परिशिष्टात दिले. परिशिष्टापर्यंत कोण जातं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

तिच्याबरोबर मी एकदा एका शाळेत गेलो होतो. गाव सांगत नाही, कारण मुख्याध्यापक मनाने चांगले होते. त्यांनी आम्हाला शेवभाजी खाऊ घातली. शाळेत भेदभाव अजिबात नाही, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं, आणि पुरावा म्हणून स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लावला. नाचात सगळी मुलं होती. पुढच्या रांगेत उजळ, मधल्या रांगेत गव्हाळ, आणि मागच्या रांगेत फक्त दात.

यमुनाने विचारलं, "सर, ही रांग कशी लावली?"

"त्याचं काय आहे मॅडम, कॅमेऱ्यात दिसायला पाहिजे ना. मागे काळोख असतो. तो भेदभाव नाही हो. फोटोग्राफीचा प्रश्न आहे."

"बरोबर आहे," यमुना गंभीरपणे म्हणाली. "पण सर, काळोखात काळी मुलं ठेवली तर दिसणार कशी?"

मुख्याध्यापक विचारात पडले. हा तांत्रिक मुद्दा त्यांच्या खरंच लक्षात आला नव्हता. "पुढच्या वर्षी एक फोकस मागे लावतो," ते म्हणाले. परतीच्या एसटीत यमुना पोट धरून हसली. पारोळा आलं तेव्हा म्हणाली, "वाईट माणसांवर प्रबंध लिहिणं सोपं असतं, सर. ही सगळी चांगली माणसं आहेत. तीच तर अडचण आहे."

तिच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण तिच्या भावाचं होतं. हे मला, चौधरी सरांना आणि भावाला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, कारण संशोधनात निवेदकाचं नाव द्यायचं नसतं. दगडूभाऊ तिच्याहून बराच मोठा. दीपनगरच्या वीजकेंद्रातून राख वाहून नेणाऱ्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. सुट्टीला धुळ्याला आला की कॉलेजच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. कितीही बोलावलं तरी आत यायचा नाही. आम्ही फाटकाबाहेरच चहा घ्यायचो.

"भाऊ, ट्रकवर बरं आहे का?" मी विचारलं होतं.

"बेस शे, सर. राख बठ्ठास्ले एकच रंग देस." मग सगळ्यांच्या त्या एकाच रंगावर हसून म्हणाला, "आंग धोयं का परत ज्याना त्याना."

तो चौथीत शाळा सोडून बसला होता. का सोडली, ते त्याने बहिणीला टेपरेकॉर्डरवर सांगितलं होतं, आणि तेच त्या प्रकरणाच्या सुरुवातीला होतं : "पहिल्याच रोजले मास्तर म्हने, काया, मांगे बस. मी बसनू. मंग माले मांगेनीच सवय व्हयनी." त्यातले पहिले शब्द तिने प्रकरणाचं नाव म्हणून वर घेतले होते. काया, मांगे बस.

प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. हे परीक्षक पुण्याचे, मोठे नाव असलेले, आणि 'देह' या विषयावर त्यांची बरीच व्याख्यानं झालेली. काही महिन्यांनी त्यांचा अहवाल आला. चौधरी सर जळगावहून स्वतः तो घेऊन आमच्या स्टाफरूममध्ये आले. इतके आनंदी मी त्यांना फक्त वेतन आयोगाच्या वेळी पाहिलं होतं.

"वाच, यमुना! मोठ्याने वाच!"

यमुनाने वाचायला सुरुवात केली. प्रबंध उत्तम होता, भाषा संयत होती वगैरे. मग चौथ्या प्रकरणाबद्दल लिहिलं होतं की ते संपूर्ण प्रबंधाचा कळस आहे. "'काया, मांगे बस' या सूत्रात गुरू शिष्याच्या कायेला मागे बसण्याची आज्ञा करतो. देहभाव मागे, ज्ञानभाव पुढे. खानदेशच्या मातीतल्या एका अनाम निवेदकाच्या मुखातून आलेलं हे तत्त्वज्ञान..."

ती तिथे थांबली. मी पेन खाली ठेवलं. चौधरी सर अजून हसत होते, पण हसण्याची कड जरा ढिली झाली होती. तेही पारोळ्याच्याच बाजूचे. काया म्हणजे काय, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं.

"सर, हे त्यांनी..." यमुना म्हणाली.

"हो, हो. माझ्या लक्षात आलंय." त्यांनी दार लोटून घेतलं. "हे बघ, बाई. माणूस खूश आहे. खूश माणसाला दुरुस्त करायचं नसतं. पुढचं वाच."

पुढे लिहिलं होतं की परीक्षक हा प्रबंध त्यांच्या ग्रंथमालेत पुस्तक म्हणून काढतील आणि प्रस्तावना स्वतः लिहितील. आणि जे लिहिलं नव्हतं ते चौधरी सरांनी सांगितलं. धुळ्यात एका कॉलेजात समाजशास्त्राची कायम जागा निघत होती, आणि निवड समितीवर तज्ज्ञ म्हणून हेच परीक्षक येणार होते. कायम म्हणजे खिडकी नाही. खुर्ची.

"तोंडी परीक्षेला ते यावर बोलतील. तू फक्त मान हलव," चौधरी सर म्हणाले. "काया म्हणजे काया. शब्दाला दोन अर्थ असतात. त्यांनी एक घेतला, तुझा एक. कुणाचं काय गेलं?"

ते गेल्यावर यमुनाने अहवालाची घडी घातली आणि खिडकीत जाऊन बसली. म्हणाली, "चूक माझीच ना, सर? मीच लपवायला गेली. इतकं चांगलं लपवलं, की गावलंच नाही कोणाले."

"तुमची युक्ती चांगली होती."

"होती ना. शिवी आत नेली मी अहिराणीचं पांघरूण घालून. आता तिची आरती होणार." ती थांबली. "आणि भाऊ येणार आहे त्या दिवशी. दोन महिन्यांपासून सांगून ठेवलंय. नवा सदरा शिवलाय त्याने. त्याच्यासमोर होणार ती आरती."

"तुम्ही काय केलं असतं?" तिने मग मला विचारलं.

"मी दुसऱ्या बाकावरचा. पहिला बाक काय करतो ते आधी बघितलं असतं."

ती हसली. पण त्या दिवशी 'डेटा' म्हणाली नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही धुळ्याहून सकाळच्या एसटीने निघालो. यमुनाने तीच पोपटी साडी नेसली होती. एरंडोल मागे पडलं तरी तिने काही ठरवलं आहे की नाही, याचा मला पत्ता लागला नाही. मी विचारलंही नाही. जळगावच्या संशोधन केंद्राच्या दारात फुलांची रांगोळी होती, सनईची कॅसेट होती, आणि एका विद्यार्थिनीच्या हातात गुलाबपाण्याची झारी. आपल्याकडे परीक्षा आणि लग्न यांत फार फरक ठेवलेला नाही. दोन्हीकडे निकाल आधी लागलेला असतो आणि जेवण सांगून ठेवलेलं असतं.

दगडूभाऊ आला होता. नवा पांढरा सदरा, केसांना तेल. पुढच्या रांगेत यमुनाने त्याच्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. तो तिथपर्यंत गेला, रुमाल उचलला, नीट घडी करून तिच्या हातात दिला आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसला.

"भाऊ, पुढे ये ना," ती म्हणाली.

"मी आठेच बेस शे, यमू. तू तुनं काम कर."

यमुनाने प्रबंध मांडला. चांगला मांडला. ळ सगळे जागच्या जागी होते. मग परीक्षक बोलायला उठले. बोलणं ओघवतं होतं, हे कबूल करायला हवं. देहाबद्दल बोलले, ज्ञानाबद्दल बोलले, आणि चौथ्या प्रकरणाशी आल्यावर त्यांनी डोळे मिटले. "काया... मांगे... बस! काय सामर्थ्य आहे या तीन शब्दांत! कुठल्या विद्यापीठात शिकला असेल हा निवेदक? कुठल्याच नाही. आणि तरीही तो तत्त्वज्ञ आहे!"

टाळ्या पडल्या. चष्मेवाले सदस्य मान डोलवत होते. चौधरी सर यमुनाकडे बघत होते, रेल्वे फाटक बंद होताना माणूस गाडीकडे बघतो तसं. मागे वळून मी दगडूभाऊकडे पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तोही वाजवत होता. आपलंच वाक्य आहे, हे त्याच्या लक्षात येत होतं, पण त्याचं काय झालं आहे ते येत नव्हतं.

"आपल्याला काही म्हणायचं आहे?" परीक्षकांनी प्रेमाने यमुनाला विचारलं.

यमुना उभी राहिली. पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला. "सर, एक विनंती आहे. या वाक्याचा निवेदक इथे आलेला आहे. त्याची परवानगी असेल, तर काया म्हणजे काय, ते आपण त्यालाच विचारू या." मग तिने मागे पाहिलं. "भाऊ? सांगशील?"

सगळी सभा मागे वळली. मला वाटतं त्या हॉलमध्ये असं पहिल्यांदाच झालं असेल. दगडूभाऊ उठला. हात कुठे ठेवावे त्याला कळेना. आधी सदऱ्याला पुसले, मग जोडले.

"साहेब," तो म्हणाला, "काया म्हंजे मी."

"वा!" परीक्षक जवळजवळ ओरडलेच. "काया म्हणजे मी! पाहिलंत? पाहिलंत तुम्ही?"

पुन्हा टाळ्या सुरू होणार, एवढ्यात यमुना बोलली. आवाज चढवला नाही. तिने फक्त तिचा तो ळ वापरला, ज्याच्यासाठी ती फळ्यापुढे उभी राहिली होती.

"काळा, सर. काया म्हणजे काळा. तो काळा आहे, म्हणून पहिल्या दिवशी मास्तरांनी त्याला मागे बसवलं. तो माझा भाऊ आहे. चौथीनंतर तो शाळेत गेला नाही."

सनईची कॅसेट बाहेर चालूच होती. कुणीतरी उठून ती बंद केली. परीक्षकांनी समोरचा प्रबंध उघडून चौथं प्रकरण काढलं. "मग हे... हे प्रबंधात स्पष्ट लिहायला हवं होतं."

"लिहिलं होतं, सर. पहिल्या मसुद्यात."

त्यावर समितीने आपापल्या पाण्याच्या ग्लासांची पाहणी केली. चष्मेवाल्यांचा ग्लास बराच वेळ तपासला गेला. चौधरी सरांनी मान खाली घातली होती. थोड्या वेळाने त्यांनी ती वर केली आणि म्हणाले, "मी साक्षीदार आहे. लिहिलं होतं." आयुष्यात कुणाशी न भांडलेल्या माणसाचं ते भांडण होतं. तेवढंच. पण मला ते विसरता येत नाही.

पदवी मिळाली. ती नाकारण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि जेवणही सांगून ठेवलं होतं. हॉलच्या मागे लांब टेबलं मांडून भरीत, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात वाढली होती. परीक्षक ताट हातात घेऊन मधेच उभे होते. त्यांच्यासाठी राखलेली खुर्ची टेबलाच्या टोकाला होती, चष्मेवाल्यांच्या शेजारी, आणि तिकडे जायला ते तयार दिसत नव्हते. दगडूभाऊने ते पाहिलं. त्याने बाकड्यावर सरकून जागा केली आणि हाताने पुसली.

"आठे बसा, साहेब."

परीक्षक बसले. दोघांनी शेजारी शेजारी जेवण केलं. काय बोलले मला ऐकू आलं नाही. फार काही बोललेही नसावेत. परीक्षकांना भरीत तिखट लागत होतं, आणि दगडूभाऊ त्यांच्यापुढे ताकाचा पेला सरकवत होता, एवढं दिसलं.

निघताना दगडूभाऊने बहिणीला विचारलं, "यमू, तो साहेब माले काय म्हने?"

"तत्त्वज्ञ."

"पगार कितला शे त्याले?"

यमुना इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने तोच घडी केलेला रुमाल काढला आणि ते पुसलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. ग्रंथमालेचं पत्र आलं नाही. धुळ्याच्या मुलाखतीत परीक्षक गप्प होते असं कळलं, विरोधही केला नाही आणि पाठिंबाही दिला नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तो मुलगा चांगला होता, पहिल्या बाकावरचा. यमुनाने आणखी एक वर्ष खिडकीत काढलं आणि मग शिरपूरच्या पलीकडे, मास्तर घडवणाऱ्या एका छोट्या कॉलेजात तिला कायम नोकरी लागली. धुळ्याच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेलो. सामान फारसं नव्हतं. प्रबंधाची एक प्रत तिने माझ्या हातात ठेवली. मी चौथं प्रकरण उघडून पाहिलं. नाव तेच होतं. खाली मात्र तिने आता जाड अक्षरांत ओळ घातली होती : काया म्हणजे काळा.

"पस्तावा नाही ना होत?" मी विचारलं.

"खुर्चीचा होतो कधीकधी," ती म्हणाली. "पण सर, मी मान हलवली असती ना, तर भाऊ दुसऱ्यांदा मागे बसला असता. आणि ह्या वेळेला मीच बसवला असता."

गाडी लागली. ती चढली आणि कंडक्टरला म्हणाली, "काय भो, शाळेत कितव्या बाकावर बसायचे?" कंडक्टरने काय उत्तर दिलं ते इंजिनाच्या आवाजात गेलं. ती हसत होती, एवढं काचेतून दिसलं.

आता फोन येतो. तिने वर्गातले बाक काढून सतरंजी घातली. सतरंजीलाही मागची बाजू असते, म्हणून भावी मास्तरांना गोल बसवलं. "गोलातसुद्धा काही पोरं दाराजवळ शोधून बसतात, सर. कोणती, ते सांगायला नको. डेटा." तिच्या हाताखालून गेलेले मास्तर आता खेड्यापाड्यांत पोचले आहेत. पहिल्या दिवशी कोण कुठे बसलं हे ते बघतात की नाही, मला माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "काही बघतात. काही फोटोग्राफी करतात."

तिची जागा आमच्या स्टाफरूममध्ये कुणी घेतली नाही. खिडकीत पुन्हा गठ्ठे आले. शेंगांची टरफलं गजांच्या सांदीत अजून कधीकधी सापडतात, आणि दुपारी तास नसला की मला तिथून कुणीतरी मान्यवरांची हजेरी घेत आहे असं वाटत राहतं.

मध्यंतरी आमच्या कॉलनीत एका वृद्ध गृहस्थांची शोकसभा होती. वक्ते मोठे होते, घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "काया नाशवंत आहे!" आणि मला हसू आलं. शोकसभेत. बायकोने कोपर मारलं. मी तोंडावर रुमाल धरला, लोकांना वाटलं मी गहिवरलो, आणि त्याचा फायदा घेऊन बाहेर आलो. तिथूनच यमुनाला फोन लावला आणि वाक्य ऐकवलं.

"नाशवंत?" पलीकडून आवाज आला, आनंदात असल्यामुळे ळ केव्हाच गळलेला. "काया कसली नाशवंत! भाऊले आत्ताच विचारा, जन्मभर धुई राहिना, तरी काया तो कायाच." मग म्हणाली, "आणि सर, बोलणारे शायेत कितव्या बाकावर बसायचे, विचारलं का?"

नव्हतं विचारलं. परत आत गेलो. वक्ते पहिल्या रांगेत होते, आणि माझ्यासाठी तिथली खुर्ची कुणीतरी धरून ठेवली होती. मी मागे, दाराजवळ बसलो. तिथून सगळं फार नीट दिसतं.